शेंगदाणे सोडून हर्पीस जात नाही



यंदाच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाल्यावर दर रविवारी आम्ही महिलांसाठी आरोग्याचा एक तास ठेवला होता. रक्तदाब झाला, साखर झाली, पाळीच्या तक्रारी झाल्या, खर्रा झाला. एका रविवारी सगळ्याजणी उठून गेल्यावर एक ताई मागे थांबल्या. सतरंजी घडी करायच्या निमित्ताने जवळ आल्या आणि पर्समधून एक कागद काढून आमच्या हातात दिला. वर मोठ्या अक्षरात 'बंद' असे लिहिलेले. खाली यादी होती: शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरे, चणे, काजू, बदाम, चॉकलेट, अंडी, मटण, वांगे.

ताई म्हणाल्या, "काजू-बदाम अन् चॉकलेट तं आमच्या घरी येतच नाही. बाकीचं चार महिन्यांपासून सोडलं. तरी ते येऊनच राहिलं."

'ते' म्हणजे खालच्या जागी येणारे फोड. आधी मुंग्या येतात, मग जळजळ, मग बारीक पाण्याचे फोड, ते फुटून जखमा, लघवी करताना डोळ्यांत पाणी. आठ-दहा दिवसांनी सुकते आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. तीन वर्षे हे चालू होते. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, कुणालाच सांगितले नव्हते. एका खाजगी डॉक्टरने 'हर्पीस' असे नाव सांगितले, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, आता हे जन्मभर राहील. पुढचे सगळे त्या मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकल्या.

ताई दोन घरी स्वयंपाकाला जातात आणि लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे रात्रपाळीने पोळ्या लाटतात. आमच्या शिबिरात त्यांचे हिमोग्लोबिन ८ भरले होते. ते का उतरले असेल याचे निदान एका कागदावरून होत नसते. पण ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजते, त्या घरातल्या बाईने शेंगदाण्याची चटणी, चणे आणि अंडी एकदम सोडली, तर तिच्या ताटात उरते काय? भात, पोळी आणि पातळ वरण.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. हर्पीस पुन्हा पुन्हा उठण्यात राहणीमानाचा वाटा आहे, पण तो या यादीत सांगितला तसा नाही. आणि 'जीवनशैली सुधारा' असा सल्ला देताना ती जीवनशैली कुणाच्या हातात आहे, हे विचारल्याशिवाय तो सल्ला पुरा होत नाही.

आधी आजार समजून घेऊ

हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुतेक वेळा ओठांवर, तोंडाभोवती फोड आणतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड आले की आपल्याकडे 'अंगातला ताप बाहेर पडला' म्हणतात, तो हाच. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियावर येतो आणि लैंगिक संबंधातून पसरतो. पहिल्या प्रकाराचा विषाणूही खालच्या जागी येऊ शकतो.

हे जगात किती जणांना आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी माणसांच्या शरीरात पहिल्या प्रकाराचा विषाणू आहे. म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोघे. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू १५ ते ४९ या वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांत आहे. यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, किंवा इतका थोडा होतो की कळतही नाही. पहिला प्रकार तर बहुतेकांना लहानपणीच, कुणीतरी लाडाने पापा घेतल्यावर लागलेला असतो.

आपल्याकडे नागीण म्हणतात तो आजार वेगळा आहे. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. तो एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो आणि बहुधा आयुष्यात एकदाच येतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, ही समजूत खोटी आहे. तिच्यावर गेरू लावून वेळ घालवू नये, हे यापूर्वीही आम्ही शिबिरांतून सांगितले आहे.

हर्पीस सिम्प्लेक्सची खोड अशी की तो एकदा शरीरात आला की जात नाही. फोड सुकतात, पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन झोपून राहतो. ओठांवरचा असेल तर कानापुढे कवटीच्या आत असलेल्या गाठीत, खालचा असेल तर माकडहाडाजवळच्या गाठींत. शरीराची पकड ढिली पडली की तो त्याच तंतूवरून पुन्हा कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड दरवेळी साधारण त्याच जागी उठतात. दिलासा देणारी गोष्ट अशी की बहुतेकांत पहिले वर्ष सर्वांत त्रासाचे असते. पुढे वर्षागणिक उठण्याचे प्रमाण आणि जोर दोन्ही कमी होत जातात.

शेंगदाण्याची भीती आली कुठून?

ताईंच्या यादीतला अर्धा भाग व्हिडिओतून आलेला होता आणि अर्धा सासूबाईंच्या 'उष्ण पदार्थां'तून. दोन्हींची वेगवेगळी झडती घेऊ.

व्हिडिओतली गोष्ट अगदीच हवेतली नाही. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतले एक आर्जिनिन आणि दुसरे लायसिन. १९६०च्या दशकात प्रयोगशाळेत असे दिसले की काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींमध्ये आर्जिनिन नसेल तर हा विषाणू वाढू शकत नाही. लायसिन जास्त असले तर आर्जिनिनला अडथळा होतो. त्यावरून कल्पना निघाली की आर्जिनिन जास्त असलेले शेंगदाणे, तीळ, सुकामेवा, चॉकलेट सोडावे आणि लायसिनच्या गोळ्या घ्याव्यात.

पण काचेचे भांडे म्हणजे माणूस नव्हे. आपले शरीर आर्जिनिन स्वतःही तयार करते. चटणी सोडली म्हणून ते शरीरातून नाहीसे होत नाही. लायसिनच्या गोळ्या देऊन माणसांवर काही लहान चाचण्या झाल्या. काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ओठांवरचा हर्पीस टाळण्याच्या उपायांवरील सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. लायसिनचा उपयोग होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. शेंगदाणे बंद करून हर्पीस थांबतो, हे दाखवणारी भक्कम चाचणी तर त्याहून दूरची गोष्ट.

आता गंमत बघा. लायसिन हवेच असेल तर ते सर्वांत चांगले मिळते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून, आणि नंतर डाळींतून. ताईंनी अंडी आणि मटण सोडून दिले होते. म्हणजे त्या व्हिडिओचा सल्ला खरा मानला तरी यादी त्याच्या उलट होती! दोन वेगवेगळ्या भीती एका कागदावर आल्या आणि ताटातले जे पोषक होते ते सगळे बंद झाले.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या घरात इतक्या पैशांत इतके प्रथिन देणारे पदार्थ हातावर मोजण्याएवढे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. २०१५ साली राज्यात बैल-वळूच्या मांसावर बंदी आली आणि आपल्या वस्त्यांतले एक स्वस्त, पौष्टिक अन्न कायद्यानेच गेले. त्यावर आता मोबाइलवरून कुणी सांगणार की शेंगदाणेही सोडा, चणेही सोडा! हे पथ्य नव्हे, उपासमारच आहे.

कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. मोबाइलवर पांढरा कोट घालून बोलणाऱ्यालाही हेच लागू आहे. आम्हालाही.

उष्णता कशाची?

सासूबाईंच्या यादीला आम्ही हसत नाही. 'अंगात उष्णता झाली' या बोलण्यात एक खरे निरीक्षण आहे. एप्रिल-मेमध्ये ओठांवर फोड आलेली माणसे आम्ही दरवर्षी पाहतो. चौदा एप्रिलच्या आधीचे आठ दिवस आठवा. रात्री उशिरापर्यंत मंडप, पताका आणि बैठका, दिवसा नागपूरचे ऊन, मिरवणुकीत घोषणा देऊन बसलेला घसा, पाणी कमी, जेवणाची वेळ नाही. जयंतीनंतर दोन-चार पोरे ओठ सुजवून आमच्याकडे येतातच आणि म्हणतात, "अंडाकरी जास्त झाली, उष्ण पडली."

उष्णता होती, पण ती अंड्याची नव्हती. प्रखर ऊन हे ओठांवरचा हर्पीस उठण्याचे जाणलेले कारण आहे. ताप हे दुसरे. जागरण आणि थकवा त्यात भर घालतात. म्हणून ज्यांना उन्हात गेले की ओठावर फोड येतात, त्यांनी डोक्याला दुपट्टा किंवा रुमाल बांधून चेहरा झाकावा, टोपी घालावी, ओठ कोरडे पडू देऊ नयेत. सब्जा, ताक, लिंबूपाणी जरूर प्या. उन्हाळ्यात ते चांगलेच. पण त्याने विषाणू विझतो असे समजू नका.

याशिवाय पाळीच्या आधीचे दिवस, एखादे ऑपरेशन, त्या जागी झालेली खरचट किंवा घर्षण, शरीराची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, अशी कारणे रुग्ण सांगतात आणि डॉक्टरही मानतात. प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते. म्हणून दुसऱ्याची यादी आपल्याला लावून उपयोग नाही.

आम्ही ताईंना तोच कागद उलटा करून दिला आणि सांगितले, आता मागच्या बाजूला लिहा. फोड कोणत्या तारखेला आले, त्याआधीच्या आठवड्यात झोप किती झाली, पाळी कधी होती, ताप होता का, ऊन लागले का, घरात काय चालले होते. त्यांना आठवत होते तेवढे त्यांनी तिथेच बसून लिहिले. गेल्या पाच वेळांपैकी चार वेळा फोड केटरिंगच्या सलग रात्रपाळ्यांनंतर आले होते. पाचव्या वेळी मुलाच्या फीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता चुकला होता आणि वसुलीवाला दारात येऊन बसला होता.

एका बाईच्या पाच नोंदी म्हणजे शास्त्र नव्हे, हे आम्हाला कळते. पण शास्त्राचाही कल तिकडेच आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना खालच्या जागी वारंवार हर्पीस उठतो अशा ५८ स्त्रियांची सहा महिने दर आठवड्याला माहिती घेतली गेली. एखाद्या दिवसाचा राग, भांडण किंवा थोडक्यात निभावणारा ताण यांचा फोड उठण्याशी संबंध दिसला नाही. आठवड्याहून जास्त टिकणारा, सुटता न सुटणारा ताण असेल, तर मात्र पुढे फोड उठण्याची शक्यता वाढलेली दिसली.

आठवड्याहून जास्त टिकणारा ताण! आमच्या वस्तीत असा ताण कुणाला नाही ते सांगा.

जीवनशैली कुणाच्या हातात?

व्हिडिओतला सल्ला असतो: आठ तास झोपा, योग करा, ताण घेऊ नका, ताजी फळे खा. सल्ला चुकीचा नाही. पण पहाटे चारला पाण्याच्या टँकरसाठी रांगेत उभी राहणारी बाई आठ तास कशी झोपणार? कंत्राटावरच्या सफाई कामगाराला सुट्टी घेतली तर रोजी बुडते, तो विश्रांती कधी घेणार? ज्या मुलीला ऑफिसात आडनाव विचारून मग पाण्याच्या जगकडे बघितले जाते, तिने 'ताण घेऊ नका' हे कुणाला सांगायचे?

जात हर्पीस आणत नाही. हर्पीस विषाणू आणतो, आणि तो बंगल्यातही आहे आणि झोपडीतही. पण विषाणू झोपलेला राहील अशी झोप, अन्न आणि मनाची शांती कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे मात्र समाजरचनेवर ठरते. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रियांचे बाळंतपण हे प्रश्न कायद्याच्या पातळीवर नेले. मजुराची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून मजुराचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व होते. आरोग्याच्या पानावर आम्ही ते विसरू शकत नाही.

तरी जे आपल्या हातात आहे ते करायलाच हवे. ते थोडे आहे, पण कमी महत्त्वाचे नाही. दिवसातून एकदा तरी डाळ, उसळ, अंडे, दही किंवा शेंगदाणे यांतले काहीतरी पोटात जावे. दोन वेळचे जेवण चुकवू नये. पौर्णिमेला अष्टशील पाळत असाल तर पाळा, पण तापातून उठल्या-उठल्या किंवा हिमोग्लोबिन कमी असताना उपाशी राहू नका. रात्रपाळी चुकत नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास घरच्यांनी त्या बाईला झोपू द्यावे. हे काम नवऱ्याचे आणि मोठ्या मुलांचे आहे. पंधरा-वीस मिनिटे आनापान करावे. त्याने विषाणू मरत नाही, पण मनाची धावपळ थांबते.

दारू आणि खर्रा यांबद्दल आम्ही दर अंकात बोलतो, इथेही बोलतो. दारूने झोप मोडते, जेवण सुटते आणि शरीराची लढण्याची ताकद कमी होते. खर्ऱ्याचा धोका वेगळाच. तोंडातली प्रत्येक जखम 'हर्पीस' किंवा 'उष्णता' समजून खर्रा खाणारे भाऊ गप्प बसतात. हर्पीसची जखम साधारण दहा-बारा दिवसांत भरते. तोंडातली जी जखम तीन आठवड्यांतही भरत नाही, ती कॅन्सरची नाही ना हे तपासून घ्यायलाच हवे.

'कुणाकडून आला?'

हर्पीस म्हटले की घरात पहिला प्रश्न हाच. नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, सासू सुनेवर. आमच्या पाहण्यात या एका शब्दावरून माहेरी धाडलेल्या मुली आहेत. विषाणू अनेक वर्षे गुपचूप राहू शकतो. आज पहिल्यांदा फोड आले म्हणजे संसर्ग आजच झाला असे नाही. तो लग्नाच्या आधीचा असेल, किंवा ज्याला स्वतःलाच माहीत नाही अशा जोडीदाराकडून आला असेल. फोड दिसत नसतानाही तो पसरू शकतो. म्हणून फोडांवरून कुणाच्या शीलाचा पंचनामा करता येत नाही. पंचशीलातले तिसरे शील स्वतःच्या आचरणासाठी घेतलेले असते, दुसऱ्याला पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही.

विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. बाण कुणी मारला, तो कोणत्या जातीचा, उंच की ठेंगणा, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, असे म्हणत बसला तर तो माणूस मरेल. तथागतांनी ती वेगळ्या प्रश्नाच्या निमित्ताने सांगितली, पण आमच्या शिबिरात ती रोज खरी ठरते. आधी बाण काढा. आधी उपचार.

उपचार आहे, आणि सरकारी दवाखान्यात आहे

हर्पीस मुळापासून घालवणारे औषध अजून नाही, लसही नाही. पण त्याला आवरणारे चांगले औषध आहे: असायक्लोविर. ज्या गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतील कामातून ते पुढे आले, त्यांना १९८८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुंग्या, खाज, जळजळ सुरू होताच, पहिल्या दिवशीच गोळ्या सुरू केल्या तर फोड लवकर सुकतात. ज्यांना वर्षातून सहा किंवा जास्त वेळा त्रास होतो, त्यांना डॉक्टर रोज कमी मात्रेत, सलग काही महिने गोळ्या देऊ शकतात. त्याने उठण्याचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी कमी होते. शेंगदाणे सोडून असे होते, असे दाखवा आणि आम्ही आमचे म्हणणे मागे घेऊ.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लैंगिक आजारांसाठी रंगवार औषधसंच ठरवलेले आहेत. जननेंद्रियावरील हर्पीसचा संच लाल, पाच नंबरचा. त्यात असायक्लोविरच्या ४०० मिलिग्रॅमच्या सात दिवसांच्या २१ गोळ्या असतात. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने हा विभाग असतो. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत आहे. नाव न सांगता विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते.

जखमांवर चुना, टूथपेस्ट, गेरू किंवा दुकानदाराने दिलेले खाजेचे मलम लावू नका. त्या मलमांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असते, त्याने विषाणूचे फावते. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला, लघवी करताना वरून पाणी सोडत राहा म्हणजे आग कमी होते. फोडांना हात लागला तर साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. फोड असताना संबंध ठेवू नका. एरवी निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा कुणीही घेऊ नये, आजीनेसुद्धा नाही. बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

चार प्रसंगी वाट बघू नका. एक, गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच फोड आले तर. बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. बाळाला वाचवण्यासाठी सिझेरियन करावे लागू शकते. दोन, डोळा लाल होऊन दुखत असेल तर. हा विषाणू बुबुळ खराब करून नजर घालवू शकतो. तीन, जखमा महिनाभर भरत नसतील किंवा फारच वारंवार येत असतील तर एचआयव्ही आणि साखर दोन्ही तपासा. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो, हेही लक्षात ठेवा. चार, फोडांबरोबर तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, भ्रम किंवा लघवी अडकणे असे काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आमचे म्हणणे

एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला विचारले, "धम्माच्या मासिकात असले विषय कशाला? आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात." त्यांचा हेतू आम्ही समजतो. पण आपल्या आया-बहिणींनी गप्प राहून सोसावे आणि बाहेर आपली इब्रत राहावी, ही इब्रत आम्हाला नको. 'गुप्तरोग' हा शब्दच आजाराला अंधारात ढकलतो. अंधारातच बसस्टँडच्या मुतारीवर 'शर्तिया इलाज'वाल्यांचे कागद चिकटतात. लैंगिक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी ते कागद तिथेच आहेत, कारण विचारायला दुसरी जागा नाही.

सरकारी यंत्रणेकडे आमची मागणी साधी आहे. लाल संच बाराही महिने उपलब्ध हवा, 'पुढच्या महिन्यात या' नको. एका दवाखान्यात औषधाच्या खिडकीवरून आजाराचे नाव मोठ्याने पुकारलेले आम्ही कानांनी ऐकले आहे. रांगेतली ती मुलगी औषध न घेता निघून गेली. आम्ही स्वतः वॉर्डात नोकरी केलेली माणसे आहोत, कामाचा बोजा आम्हाला कळतो. पण आवाज खाली ठेवायला मनुष्यबळ लागत नाही. आशा आणि एएनएम ताईंना या विषयाचे प्रशिक्षण मिळावे, म्हणजे वस्तीतच खरी माहिती पोचेल.

आणि समाजाकडे मागणी एकच. प्रत्येक विहारात महिन्यातून एक तास असा ठेवा, जिथे बाईला काहीही विचारता येईल, आणि पुरुषांसाठीही एक वेगळा तास ठेवा. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले, पुसले, खाटेवर निजवले. त्या भिक्षूला हे कशाने झाले, असे त्यांनी त्याला टोचून विचारले नाही. दुसरे कुणी त्याची सेवा का करत नाही, हे मात्र विचारले.

ताईंची चटणी पुन्हा सुरू झाली आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत पुन्हा एकदा मुंग्या आल्या, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. फोड आले, पण चार दिवसांत सुकले. नवऱ्याला अजून सांगितलेले नाही. ते दोघांनाही समुपदेशकासमोर बसून बोलायचे आहे, तारीख ठरली आहे. तो कागद त्यांच्या पर्समध्ये अजून आहे. फक्त आता घडी उलट्या बाजूने घातलेली आहे.

भवतु सब्ब मंगलं!